पणतीच्या उजेडातला फोटो : मोबाइलच्या प्रो मोडमध्ये नेमकं काय करायचं?

पंचगंगाकाठ | गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. त्रिपुरी पौर्णिमा तीन आठवड्यांवर आलीय, म्हणून आत्ताच विचारून ठेवतो.

आमच्या कोल्हापुरात त्या दिवशी पहाटे पंचगंगेच्या घाटावर दीपोत्सव असतो. हजारो पणत्या, पायऱ्यांवर रांगोळ्या, पलीकडे शिवाजी पूल. माझी आजी ८१ वर्षांची आहे. दरवर्षी घरून पणत्या, वाती, तेल घेऊन जाते आणि स्वतःच्या हाताने लावते. गुडघे आता साथ देत नाहीत, पुढच्या वर्षी तिला पायऱ्या उतरता येतील असं वाटत नाही. त्यामुळे यंदा तिचा एक फोटो मला मनासारखा हवाय.

गेल्या वर्षी मोबाइलने पहाटेची पार दुपार करून टाकली. पणत्यांच्या जागी पांढरे ठिपके, आकाश करडं, पायऱ्या भर दिवसा दिसाव्यात तशा. नाइट मोड लावला तर तीन सेकंद हलू नका म्हणतो. आजी वाती सारख्या करत होती, त्यात तिचे हात म्हणजे नुसता धूर झाला. डोळ्यांना दिसत होता तो अंधार, आणि त्यात पिवळ्या उजेडातला तिचा चेहरा. तो एकाही फोटोत नाही.

फोन अँड्रॉइड आहे, प्रो मोड आहे. आयएसओ, एस, ईव्ही, डब्ल्यूबी अशी अक्षरं दिसतात. दोन फोटो काढले, दोन्ही काळेकुट्ट, बंद केलं. अॅपर्चर कुठून बदलायचं तेही सापडलं नाही. अगदी पहिल्यापासून सांगितलंत तरी चालेल.

---

रोलवाले_मास्तर | गुरुवार, रात्री १०:५५

अॅपर्चर सापडलं नाही कारण बहुतेक फोनांत ते बदलताच येत नाही. भिंगाचं तोंड कायमचं तेवढंच उघडं असतं, एफ १.८ च्या आसपास. सॅमसंगच्या २०१८ च्या एस ९ मध्ये दोन मापं होती, शाओमीच्या १४ अल्ट्रामध्ये बदलता येतं. पण असे फोन मोजकेच. तेव्हा तुमच्या हातात दोनच गोष्टी उरतात. एस म्हणजे शटर, उजेड किती वेळ आत घ्यायचा ते. आणि आयएसओ म्हणजे आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा ते. शटर १/६० चं १/३० केलंत की उजेड दुप्पट. आयएसओ १०० चा २०० केलात की फोटो तेवढाच उजळ, पण दाणे वाढतात. या दुपटीला आम्ही एक स्टॉप म्हणतो. एवढं गणित पुरतं.

आता दुपार का झाली ते. कॅमेऱ्याला रात्र-दिवस कळत नाही. समोर जे आहे त्याची सरासरी मध्यम करड्या रंगाची असणार असं गृहीत धरून तो उजेड मोजतो. तुमच्या चौकटीत पाऊण भाग अंधार. तो अंधार करडा होईपर्यंत तो उजेड वाढवत नेतो, आणि तेवढ्यात पणत्या कधीच ओव्हर, म्हणजे उजेड जास्त होऊन पांढऱ्याफट झालेल्या असतात.

माझा स्टुडिओ होता सांगलीला, चाळीस वर्षं. निगेटिव्ह फिल्म थोडी ओव्हर झाली तरी प्रिंट काढताना सांभाळून घेता यायची. स्लाइडचा रोल मात्र माफ करायचा नाही. पांढरं गेलं ते गेलं. डिजिटल सेन्सर या बाबतीत स्लाइडच्या जातीचा आहे. अंधारात बुडालेलं नंतर थोडं वर ओढता येतं, ओव्हर झालेल्या भागात मात्र परत आणण्यासारखं काहीच नोंदलेलं नसतं. म्हणून उजेड आधी सांभाळायचा.

आणि मुळातली गोष्ट. ज्योत दिसायला लहान, पण तिचा स्वतःचा लखलखाट उन्हात ठेवलेल्या वस्तूच्या जवळपास जातो. तीच ज्योत हातभर अंतरावरच्या चेहऱ्यावर जो उजेड टाकते तो त्याच्या हजारो पटींनी कमी असतो. आपला डोळा एकदा ज्योत बघतो, एकदा चेहरा बघतो, आणि दोन्ही जुळवून घेतो. कॅमेऱ्याच्या एका क्लिकमध्ये हे दोन्ही मावत नाही. तेव्हा काय सोडायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही ठरवलं नाहीत तर फोन ठरवतो, आणि तो नेहमी अंधार सोडतो.

माझं मत विचाराल तर ज्योतीचा गाभा पांढरा गेला तरी चालेल. तिची नारिंगी कड आणि पणतीचा काठ शाबूत हवा. आयएसओ १००, शटर १/६० पासून सुरुवात करा. फोटो मोठा करून फक्त ती कड बघा. कड नसेल तर १/१२५. आहे आणि बाकी फारच काळं आहे, तर १/३०. रोज देवघरात एकदा करून बघा, पौर्णिमेला हात आपोआप चालेल.

---

ठाणेकरीण | गुरुवार, रात्री ११:२०

मास्तर, फार छान समजावलंत.

आयफोनवाल्यांसाठी भर घालते, कारण त्याच्या मूळ कॅमेऱ्यात असे शटरचे आकडे मिळत नाहीत. ज्योतीवर बोट दाबून धरायचं, वर पिवळ्या पट्टीत लॉक झाल्याचं दिसतं. मग शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. अंधार जागेवर येतो. लॉक न करता ओढलं तर समोर कुणी हललं की फोन परत आपलंच खरं करतो. आयफोन ११ पासून पुढे एक्स्पोजरची वेगळी पट्टीही आहे आणि सेटिंगमध्ये ती जपून ठेवता येते. मी दिवाळीत उणे १ वर ठेवते आणि विसरून जाते. खरं शटर हवं असेल तर हॅलाइड किंवा लाइटरूम या अॅपचा कॅमेरा वापरावा लागतो.

---

बेंगळुरूतला_मावळा | शुक्रवार, सकाळी ८:१५

मी कॅमेरा सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो. मास्तरांचं उजेड सांभाळायचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण प्रो मोड म्हणजे आपोआप चांगला फोटो, असा समज होऊ नये.

साध्या मोडमध्ये एक क्लिक केलं की फोन एक फोटो काढत नाही. लागोपाठ अनेक काढतो, मुद्दाम अंडर, म्हणजे कमी उजेडाचे, त्यामुळे उजळ भाग वाचतात, आणि ते एकमेकांवर बसवून दाणे काढून टाकतो. गुगलने २०१३ मध्ये नेक्सस ५ मध्ये एचडीआर प्लस आणलं ते याच तत्त्वावर, आणि आज जवळपास सगळे फोन असं काही ना काही करतात. बऱ्याच फोनांचा प्रो मोड हे सगळं बंद करून एकच फ्रेम घेतो. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा. एका फ्रेममध्ये आयएसओ ८०० च्या पुढे सावल्यांत दाणेच दाणे.

म्हणून घाटाचा मोठा देखावा घेताना मी साधा मोडच ठेवीन आणि उजेडाची पट्टी (ईव्ही) उणे १.५ ते उणे २ वर नेईन. फोनची सगळी हुशारी मिळते आणि रात्र रात्रच राहते. पिक्सेल ४ पासून गुगलच्या फोनांत सावल्यांची पट्टी वेगळी आहे, तीही खाली ओढा.

---

रोलवाले_मास्तर | शुक्रवार, सकाळी ९:०५

हे मला मान्य आहे. पायऱ्या हलत नाहीत, तिथे अनेक फ्रेम एकावर एक बसतात. पण आजींचे हात हलणार. साध्या मोडमध्ये शटर किती हे फोन ठरवतो, अंधार बघून तो १/१० वरसुद्धा जातो. हात स्पष्ट हवेत तर १/५० च्या खाली जायचं नाही असं बजावणारं कुणीतरी हवं, आणि ते प्रो मोडशिवाय होत नाही. देखाव्याला तुमची पद्धत, आजींना माझी.

---

बेंगळुरूतला_मावळा | शुक्रवार, सकाळी ९:२०

सहमत. आणि आजींचा फोटो रॉमध्येही घ्या, म्हणजे फोनने संस्कार न केलेली मूळ फाइल. प्रो मोडमध्ये तिची, डीएनजी नावाने, सोय बहुधा असते. चेहरा थोडा अंधारात गेला तर नंतर उचलायला वाव राहतो.

---

देहूगावचा | शुक्रवार, दुपारी १:३०

करड्या सरासरीचं वाचून एक कोडं सुटलं. वारीत माझे फोटो नेहमी मळकट यायचे. दिंडीत सगळे पांढऱ्या धोतर-सदऱ्यात, पांढऱ्या टोप्या. म्हणजे एवढं पांढरं बघून फोन त्याचं करडं करत होता?

---

रोलवाले_मास्तर | शुक्रवार, दुपारी २:१०

बरोबर. पांढऱ्याने चौकट भरली की पट्टी अधिक ०.७ ते अधिक १ करा. उलट काळ्या बेसॉल्टच्या देवळात, कोनाड्यात, उणे ०.७ ते उणे १. नाहीतर काळा दगड राखेसारखा दिसतो. ढगांनी भरलेला घाट, धुकं, यांनाही अधिक लागतं. हेमाडपंती देवळाचा फोटो बघताना दगड काळाच वाटला पाहिजे, एवढी एकच खूण मी शिकाऊ पोरांना सांगायचो.

---

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री ८:५०

दोन रात्री देवघरात सराव केला. सगळे दिवे बंद, समईशेजारी एक पणती, आजी पाटावर.

आयएसओ १००, १/६०. ज्योतीची कड सुंदर आली, पणतीचा काठ दिसतो, पण आजी नाहीच. नुसता काळोख. आयएसओ वाढवत गेलो. १६०० ला चेहरा उमटला, पण गालावर रवा सांडल्यासारखे दाणे. १/१० केलं तर हललं. इथून पुढे वाट दिसेना.

दुसरी अडचण : मग हॉलमधला बल्ब लावून काढले तर फोटोवर आडवे काळे पट्टे. फोन बिघडला की काय?

---

तिसरी_घंटा | रविवार, रात्री ९:३०

पट्ट्यांचं मी सांगते, हौशी नाटकांचे फोटो काढते, यात पुष्कळ फोटो गमावलेत. फोन ठीक आहे. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक एलईडी बल्ब आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही. मोबाइलचा सेन्सर फोटो ओळीओळीने वाचतो. शटर फार जलद असेल तर काही ओळी बल्ब उजळ असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. तेच पट्टे.

उपाय सोपा आहे. शटर १/१००, १/५० किंवा १/२५ ठेवा. प्रत्येक ओळीला पूर्ण चढउतार मिळतो, पट्टे जातात. १/६० ला पुसट राहतात, १/२५० ला हमखास येतात. रंगमंचावरच्या काही एलईडी दिव्यांचं स्पंदन वेगळं असतं, तिथे मात्र करूनच बघावं लागतं.

घाटावर पणत्या असल्या तरी रस्त्यावरचे दिवे आणि रोषणाई असणारच. तेव्हा १/६० ऐवजी १/५० धरा.

---

रोलवाले_मास्तर | रविवार, रात्री १०:१५

वा, १/५० पक्कं करा मग.

आता चेहरा. तुम्ही कॅमेऱ्यात उजेड शोधताय, तो तिथे नाही. पणती आजींपासून किती लांब होती? फोटोवरून दोन फूट वाटते. ती एक फुटावर आणा, चेहऱ्यावरचा उजेड चौपट होईल. अंतर निम्मं, उजेड चौपट, हा नियम आहे. एकीच्या जागी पाच पणत्या ताम्हणात ठेवा, आणखी पाचपट. म्हणजे वीसपट उजेड मिळाला आणि आयएसओला हात लावला नाही. आजी नाहीतरी ताम्हणातूनच पणत्या नेत असतील ना?

ताम्हण चेहऱ्याच्या थेट खाली नको, हनुवटीखालून उजेड आला की चेहरा भीतिदायक होतो. थोडं पुढे, थोडं एका बाजूला, छातीच्या उंचीवर. आयएसओ ४००, १/५०. चेहरा थोडा अंडर वाटेल, वाटू द्या.

आणि दोन बारीक गोष्टी. अंधारात फोनचा पडदा पूर्ण उजळ ठेवलात तर काळा फोटोही उजळ भासतो. घरी येऊन बघता तर अंडर. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा आणि आपोआप बदलणं बंद करा. दुसरं, तुम्हीही पणत्यांत तेल घालणार. त्याच बोटांनी भिंगाला हात लागतो आणि प्रत्येक ज्योतीला लांबच लांब शेपूट फुटतं. खिशात धुतलेला सुती रुमाल ठेवा, दर दहा मिनिटांनी भिंग पुसा.

---

सावंतवाडी_एसटी | सोमवार, सकाळी ७:४५

विषय थोडा बाजूचा. आंबोलीला धबधबा दुधासारखा यावा म्हणून शटर १/४ केलं, फोटो पांढराफटक. आयएसओ सगळ्यात खाली, ५० वर होता. अजून काय कमी करू?

---

बेंगळुरूतला_मावळा | सोमवार, सकाळी ८:३०

कमी करायला काही उरलंच नाही, हीच फोनची अडचण. मोठ्या कॅमेऱ्यात अॅपर्चर एफ १६ करून भिंगाचं तोंड बारीक करता येतं. फोनचं एफ १.८ उघडंच. कडक उन्हात आयएसओ ५० ला बरोबर शटर साधारण १/४००० येतं, पावसाळी ढगाळ दिवशी १/५०० च्या आसपास. १/४ म्हणजे त्याच्या सव्वाशेपट उजेड.

भिंगासमोर एनडी ६४ ची, म्हणजे उजेड ६४ पट कमी करणारी, गडद काच लावली तर १/५०० चं १/८ होतं, पाणी तेवढ्यात मऊ दिसतं. काच नसेल तर अंधारून येईपर्यंत थांबा. स्टँड आणि दोन सेकंदांचा टायमर मात्र हवाच, बोट टेकवल्यानेही फोन हलतो.

---

पंचगंगाकाठ | बुधवार, रात्री १०:०५

ताम्हणाची युक्ती केली आणि आज देवघरात पहिल्यांदा आजी जशी दिसते तशी दिसली. गळ्यातली बोरमाळ चमकतेय, मागची भिंत काळी.

फक्त रंग. डोळ्यांना पिवळंधमक दिसतं, फोटोत पांढुरकं येतं.

---

तिसरी_घंटा | बुधवार, रात्री १०:४०

व्हाइट बॅलन्स, म्हणजे तुमच्या फोनमधलं डब्ल्यूबी, आपोआपवर आहे. पिवळा रंग ही चूक समजून फोन तो काढून टाकतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, तेलाच्या ज्योतीचा १९०० च्या आसपास असतो. फोनमध्ये तोच आकडा दिलात तर ज्योत पांढरी होईल, आणि आपल्याला नेमकं ते नको आहे. आकडा वर न्या, ३५०० ते ४२००. पणत्या केशरी होतील आणि पहाटेचं आकाश निळं राहील. ५५०० ला चेहरा शेंदूर फासल्यासारखा होतो.

---

रोलवाले_मास्तर | गुरुवार, सकाळी ६:५०

शेवटचं, वेळेबद्दल. कार्तिकात तुमच्याकडे सूर्य साडेसहाच्या पुढे उगवतो. त्याआधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत उजेड दर तीन-चार मिनिटांनी दुप्पट होत जातो. पावणेसहाला आकाश काळंच येईल. साडेसहाला पणत्या फिक्या पडतील. मधे दहा मिनिटं अशी येतात की आकाशाचा निळा आणि पणत्यांचा पिवळा सारख्या तोलाचे असतात. ती साधारण सहा-पंधरा ते सहा-पंचवीस. देखावा त्या दहा मिनिटांत घ्यायचा, आणि प्रो मोडमध्ये असाल तर दर तीन मिनिटांनी शटर एक स्टॉप जलद करत जायचं.

आजींचा फोटो त्याच्या आधी, पूर्ण अंधारात. तेव्हा गर्दीतली धक्काबुक्कीही कमी असते.

---

पंचगंगाकाठ | पौर्णिमा, दुपारी १२:२०

पहाटे चारला निघालो. आजीला मी आणि चुलतभावाने दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. खालच्या तीन पायऱ्या राहिल्या, तिथेच बसली.

फोटो जोडतोय.

पहिला, आजी ताम्हण घेऊन. आयएसओ ४००, १/५०. तिच्या उजव्या बाजूला एका दुकानाचा पांढरा दिवा होता, तो गालावर निळसर येत होता. भावाने टॉवेल धरून आडोसा केला. असे तेवीस काढले, त्यातले चार नीट, हा त्यातला.

दुसरा, ती वात सारखी करताना. हात एकदम स्पष्ट, बोटांवरचं तेल चमकतंय. आयएसओ ४०० च. ज्योतीचा गाभा पांढरा गेलाय, कड आहे.

तिसरा घाटाचा, सहा-वीसला. साधा मोड, उणे १.७. शिवाजी पुलाच्या कमानी निळ्यात उभ्या आहेत, खाली पणत्या. यात माझं काही कौशल्य नाही, तो क्षणच तसा होता, पण गेल्या वर्षी याच क्षणाचा फोटो करडा आला होता.

चौथा चुकलेला, मुद्दाम टाकतोय. पश्चिमेला मावळता पूर्ण चंद्र आणि खाली आजी. चंद्र म्हणजे पांढरा ठिपका.

घरी आल्यावर आजीला पहिला फोटो मोठा करून दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होती. मग मागच्या पायरीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही एक विझलीय की रं. तवाच सांगायचं, लावली असती."

मी परत बघितलं. रांगेतली सातवी पणती खरंच विझलेली आहे. गेल्या वर्षीच्या फोटोत पेटलेली कुठली, विझलेली कुठली, काहीच ओळखू येत नव्हतं.

---

ठाणेकरीण | पौर्णिमा, दुपारी १२:४५

दुसरा फोटो छापून घ्या. मोबाइलमध्ये ठेवू नका.

---

देहूगावचा | पौर्णिमा, दुपारी १:१०

आजींना नमस्कार सांगा. चंद्राचं काय करायला हवं होतं, मास्तर?

---

रोलवाले_मास्तर | पौर्णिमा, दुपारी ३:३०

तेवीसांत चार म्हणजे फार चांगलं प्रमाण आहे. टॉवेलचा आडोसा तुम्हाला सुचला हे मला सगळ्यात आवडलं.

चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड. त्यावर दुपारचंच ऊन असतं, त्यामुळे त्याला दिवसाचं शटर लागतं. फोनच्या दूरच्या भिंगाने, आयएसओ ५०, १/५०० च्या आसपास. त्या शटरला आजी दिसणार नाहीत. पुढच्या वर्षी दोन वेगळे फोटो काढा.

---

पंचगंगाकाठ | पौर्णिमा, संध्याकाळी ७:००

दोन वेगळे काढीन. तिसरी_घंटा, रंगाचा आकडा सांगायचा राहिला : ३८०० ठेवला होता. आणि छापायला टाकलाय, बारा बाय अठरा, दुसराच. स्टुडिओवाला विचारत होता थोडा उजळ करून देऊ का. नको म्हणालो.